कोपरा फाडलेलं कार्ड

दिवा जरा इकडे सरकवा, पण वात वाढवू नका. भुताची गोष्ट म्हटली की लोक अमावस्या मागतात, मसणवाट मागतात. ही गोष्ट तसली नाही. ही भर दुपारची आहे, डाक वाटायच्या वेळची. वर्धा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता आणि खेड्यातल्या शाळा जनपद सभेच्या होत्या, त्या काळातली.

रूपराव मास्तरांची बदली आर्वी तालुक्यातल्या रोहण्याला झाली. पुलगावहून छोटी गाडी निघायची, ती धापा टाकत तासाभरानं रोहण्याला पोचायची. त्या गाडीतून मास्तर, त्यांची बायको जयवंता आणि एक पत्र्याची पेटी, एवढा संसार उतरला. लोकांनी विचारलं, लेकरंबाळं? मास्तर म्हणाले, नाही. जयवंता पेटीवर हात ठेवून उभी राहिली.

त्या पेटीत एक पाटी होती आणि एक लाकडाचा नंदी होता, एक चाक मोडलेला. नामूचा. पोरगं साडेचार वर्षांचं होऊन तापानं गेलं, त्याला दोन वर्षं झाली होती. पाटीवर त्याला एकच अक्षर यायचं, आपल्या नावातला न, तोही पाटीभर मोठा.

घर मिळालं ते अनुसयाबाईचं. म्हणजे अनुसयाबाई नावाची एक म्हातारी त्यात एकटी राहायची, ती फाल्गुनात वारली होती. दोन खोल्या, पुढे ओसरी, ओसरीला दगडाची पायरी, अंगणात कडुलिंब. घर वाईट नव्हतं. फक्त पहिल्या दिवशी जयवंतानं सगळं शेणानं सारवून काढलं, तरी दुपार कलू लागली की ओसरीवर गरम एरंडेलाचा वास यायचा. म्हाताऱ्या बाया गुडघ्यांना चोळतात तसल्या तेलाचा. मातीच्या घराला वास धरून ठेवायची खोड असतेच, असं तिनं मनाशी म्हटलं आणि कामाला लागली.

आठवडाभरानं दुपारी महादेवराव डाकवाले अंगणात आले. पन्नाशीचा सावकाश माणूस, खांद्याला खाकी थैली. त्यांनी एक कार्ड काढलं आणि हातातच धरून ठेवलं.

"मास्तरीणबाई, हे तुमचं नाई. बुढीचं हाये. अनुसयाबाईचं."

"मंग मले काऊन दाखवता भाऊ? त्या तं वारल्या."

"तेच तं. कायदा म्हणते, 'मालक मयत' लिहा अन् परत धाडा. पण माहा हातच होऊन नाई राह्यला." ते पायरीपाशी टेकले. "तीन सालं बुढी याच पायरीवर बसून होती. दुपारी तेलाची वाटी घेऊन गुडघे चोळत बसे. माहा पाय वाजला का इचारे, आलं का रे माह्या तानबाचं? मी म्हणो, नाई माय, उद्या येईन. एक दिस मी म्हटलं उद्या येईन, अन् तिनं काई इचारलंच नाई. पाह्यलं तं गेलती."

तानबा तिचा एकुलता एक. लग्नावरून मायलेकांचं वाजलं आणि तो तडकाफडकी निघून गेला, तो छिंदवाड्याकडे कोळशाच्या खाणीत लागला म्हणे, पण खाण कोणती, पत्ता काय, गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हातारी मेली तेव्हा कळवायचं तर कुठे? शेजाऱ्यांनीच अग्नी दिला. आणि आता तीन महिन्यांनी हे कार्ड आलं होतं.

जयवंता चौथी शिकलेली. तिनं वाचलं. पेन्सिलीनं लिहिलेलं, कडेला कोळशाच्या अंगठ्याचा काळा ठसा.

'तीर्थरूप मायबाईस तानबाचा शिरसाष्टांग नमस्कार. मी इकडे खुशाल आहे. तीन वर्षे रागात होतो. आता राग राहिला नाही. तुझा गेला का ते एक ओळ लिहून कळव. उत्तर आले नाही तर समजेन की गेला नाही, आणि मग या जन्मी तोंड दाखवणार नाही.'

खाली पत्ता होता.

"काय करू, सांगा," महादेवराव म्हणाले. "परत धाडलं तं पोट्टा जन्मभर म्हणीन, माय माह्यावर रागातच मेली."

"राहू द्या इथंच," जयवंता म्हणाली. "मी लिहितो काई तरी."

खरं तर काय लिहायला हवं होतं, ते दोघांनाही ठाऊक होतं. आपल्याकडे मौतीच्या कार्डाचा कोपरा फाडतात. कोपरा फाडलेलं कार्ड दिसलं की डाकवाला उंबऱ्याच्या आत देत नाही. घरातलं माणूस अंगणात येतं, तिथंच वाचतं, तिथंच फाडून टाकतं आणि डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय आत पाऊल टाकत नाही. मेलेल्याची खबर घरात राहू नये, म्हणून.

पण कार्डाचा कोपरा फाडणं हे जयवंताला जमणारं काम नव्हतं. नामू गेला तेव्हा मास्तरांनी ओसरीत बसून नातेवाइकांना कार्डं लिहिली, एकेक कोपरा फाडला. सिंदीला तिच्या आईला लिहिलेलं कार्ड मात्र जयवंतानं त्यांच्या हातून ओढून घेतलं आणि चुलीत घातलं. आईच्या अंगावरून वारं गेलेलं, ती खाटेवर पडून. नातवाच्या नावानं जीव धरून होती. भाऊ किसन येऊन पाहून गेला, तोही म्हणाला, नको सांगू ताई, म्हातारी त्याच घडीला जाईल. तेव्हापासून दर महिन्याला जयवंता आईला कार्ड लिहायची. नामू मजेत आहे. नामूचा दात पडला. नामूला नवा सदरा घेतला. किसन ते वाचून दाखवायचा आणि म्हातारी हसायची म्हणे. खरा नामू साडेचार वर्षांचा राहिला, कार्डातला मात्र साडेसहा वर्षांचा झाला. लबाडी करते आहे, हे तिला कळत होतं. पण लिहिताना त्या चार ओळींपुरतं पोरगं जिवंत असायचं हो, त्याला ती तरी काय करणार?

अशा बाईच्या हातात तानबाचं कार्ड आलेलं. तिनं बोरू घेतला आणि लिहिलं, 'चिरंजीव तानबास अनेक आशीर्वाद. माझा राग केव्हाच गेला. तू जेवत जा, जिवाला जप. तुझी माय.'

तुझी माय, हे तिनं दोनदा गिरवलं. दोन वर्षांत तिला कोणी आई म्हटलं नव्हतं.

पंधरा दिवसांत उत्तर आलं. पोरगं कार्डात मावत नव्हतं. माय, मी कार्ड उशाशी घेऊन झोपलो. माय, इथं भाकर मिळते पण तुझ्या हातच्या अंबाडीच्या भाजीची चव नाही. जयवंतानं ते चारदा वाचलं आणि पुन्हा उत्तर लिहिलं. मास्तर शाळेतून यायच्या आत दोन्ही कार्डं पेटीत, नंदीच्या खाली गेली.

श्रावण लागला. रिपरिप चालू होती आणि घरात दुपारीही अंधारून यायचं. महादेवराव टोपीखाली झाकून तिसरं कार्ड घेऊन आले. ती ओसरीवर उभ्यानंच वाचू लागली.

'माय, तुझी दोन्ही पत्रे मिळाली.'

दोन्ही? पहिल्याचं उत्तर तर त्यानं केव्हाच दिलं होतं, त्यानंतर तिनं एकच लिहिलं होतं. तिनं पुढे वाचलं.

'तू लिहिलेस की घरात मास्तरीणबाई येऊन राहिली आहे. तिचे लेकरू गेले आहे. दुपारी चुलीपुढे बसून तोंडात पदर कोंबून रडते, नवऱ्याला कळू देत नाही. वाचून वाईट वाटले. तू म्हणतेस तिला घरातून काढू नको, तर मी कशाला काढू? बिचारीला राहू दे. तुझे गुडघे पुन्हा दुखतात, तेल लावत जा.'

जयवंता तिथंच खाली बसली. चुलीपुढचं रडणं मास्तरांना ठाऊक नव्हतं. देवाला ठाऊक असेल तर असेल. बाहेर पाऊस पडत होता, आणि तेलाचा वास नेहमीसारखा ओसरीवर नव्हता, तिच्या अगदी जवळ होता.

दुसऱ्या दिवशी तिनं महादेवरावांना अंगणातच गाठलं.

"भाऊ, खरं सांगा. त्याले तुमी कार्ड लेहलं?"

"मी? मी कायले लिहीन?"

"मंग कोणं लेहलं... माह्या रडण्याचं?"

महादेवरावांनी थैली एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. 

"बाई, तुमी मजाक तं नाई करून राह्यल्या ना? ते कार्ड तुमीच देल्लं माह्या हातात. दोन हप्ते झाले, मंगळवारी. याच पायरीवर बसून होत्या तुमी... वाटी घेऊन... गुडघ्याले तेल लावून राह्यल्या होत्या. मले म्हणाल्या, हे माह्या तानबाचं, डाकेत टाक रे."

"मी तुमाले 'रे' म्हटलं?"

"म्हटलं," महादेवराव हळूच म्हणाले. "म्हणून तं मी त्या दिशी थांबलो नाई."

जयवंताचे गुडघे कधी दुखले नव्हते. तीस वर्षांची बाई ती. घरात एरंडेल नव्हतंच, कधी आणलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी तिनं सगळं मास्तरांसमोर ठेवलं, पेटी उघडून. मास्तर कंदिलाशी कार्डं वाचत राहिले. ओरडले नाहीत. त्या माणसाचा आवाज नामूबरोबरच गेला होता.

"त्याले खरं लिहून टाक, जयवंता," ते म्हणाले.

"लिहू कसं? तो माय म्हणते मले."

"तुले नाई म्हणत तो."

हे मास्तर रागानं बोलले नव्हते, तरी तिला ते लागलं. रात्रभर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

आणि लगेचच चौथं कार्ड आलं. 'माय, पोळ्याला येतो. सुट्टी मिळाली. छोट्या गाडीने दुपारी उतरतो. पुरणपोळी करून ठेव.'

आता पळवाट उरली नव्हती. पोरगं आनंदानं दारात येणार, आणि दारात कोण उभं असणार? महादेवराव अंगणातच उकिडवे बसले आणि जमिनीकडे पाहत बोलले.

"माही माय म्हणे, बाई, ज्याच्या मौतीचं कार्ड पोटच्याले पोचलं नाई, त्या जिवाले आपण मेलो हेच समजत नाई. तो आपला बसून राह्यते, जिथं होता तिथं. बुढीचं कार्ड कोणीच धाडलं नाई. तुमी धाडा. तिले बी सुटू द्या, त्याले बी."

जयवंता ऐकत होती ती बुढीसाठी. पण तिच्या डोळ्यांपुढे चुलीत जळणारं दुसरंच एक कार्ड होतं.

तिनं कडुलिंबाखाली बसून लिहिलं. 'तानबाभाऊ, तुमच्या मातोश्री फाल्गुनात देवाघरी गेल्या. त्यांचा राग नव्हता, रोज वाट पाहत होत्या. आजवर लिहिले ते मी लिहिले. मला माफ करा. जयवंता.' मग कोपरा धरला. कागदाचा एवढासा तुकडा, पण तो फाटताना तिच्या तोंडून हुंदका फुटला. दुसऱ्यांदा पोरगं जात होतं तिचं. महादेवरावांनी मान खाली घालून कार्ड घेतलं.

पोळ्याला पाच दिवस उरले असताना ते पुन्हा आले. या वेळी अंगणाच्या काठीकुंपणाशीच थांबले, आत आले नाहीत.

"मास्तरीणबाई, बाहीर या."

त्यांच्या हातातल्या कार्डाचा कोपरा फाटलेला होता. ते अनुसयाबाईच्या नावावर होतं. जंगलू नावाच्या कोणी सोबत्यानं लिहिलेलं. खाणीचं छत खाली आलं. तानबा आणि आणखी दोघे दबले. मंगळवारी सकाळी. 'खिशात तुमची पाच कार्डे होती, ती त्याच्याबरोबरच अग्नीला दिली.'

जयवंतानं त्याला 'माय' म्हणून दोनच लिहिली होती.

कोपरा फाडलेलं तिचं कार्ड खाणीवर पोचलं ते गुरुवारी. ते परतही आलं, वर लाल शाईनं 'मालक मयत' लिहून. म्हणजे तानबा गेला तो माय जिवंत आहे, पोळ्याला पुरण शिजवते आहे, असं समजून. यात बरं काय आणि वाईट काय, हे तुम्हीच ठरवा. जयवंताला ठरवता आलं नाही. अंगणात तिनं जंगलूचं कार्ड फाडलं, घागरभर पाणी डोक्यावर घेतलं, आणि ओल्या लुगड्यानं रडत बसली. त्या दिवशी पदर तोंडात कोंबला नाही.

पोळा आला. गावात बैलांच्या शिंगांना बेगड लागली, चौकात तोरण बांधलं, मास्तर तिकडे गेले. जयवंतानं पुरणपोळी केली. कोणासाठी, हे तिला कोणी विचारलं नाही. दुपारी छोट्या गाडीची शिटी झाली, तसं तिनं ताट वाढून पायरीवर ठेवलं आणि आत येऊन चुलीशी बसली.

आधी वास आला, तेलाचा. मग दुसरा एक वास, ओल्या कोळशाचा. मग पायरीकडून बोलणं ऐकू येऊ लागलं, हलकं, तुटक. एक म्हातारा आवाज, एक पुरुषाचा. शब्द कळत नव्हते. तीन वर्षं न बोललेली माणसं बोलायला बसली की जसं थांबत थांबत बोलतात, तसं ते चाललं होतं. जयवंताला भीती वाटली नाही. भेटली बाई मायलेकं, असं तिच्या मनात आलं आणि डोळे भरले.

तेवढ्यात पायरीवर कोणी तरी हसलं. लहान पोराचं हसणं. हसताना मध्येच एक उचकी लागायची...

ती उचकी तिच्या ओळखीची होती. ती धावत बाहेर आली. पायरीवर ताट होतं, जसंच्या तसं, आणि ऊन होतं.

 त्यानंतर महिनाभर महादेवरावांच्या मायचं बोलणं तिच्या मनातून जाईना. ज्याचं कार्ड पोचलं नाही, तो जीव बसून राहतो. नामूचं एक कार्ड पोचलं नव्हतं. तिनंच जाळलं होतं. वर दोन वर्षं लिहीत होती, नामू मजेत आहे, नामू मजेत आहे. मग त्या लेकरानं जावं तरी कुठे आणि कसं?

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिनं मास्तरांना सांगितलं, "मी आईले खरं लिहितो." मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं कडुलिंबाखाली बसून कार्ड लिहिलं. आई, नामू गेला. दोन वर्षं झाली. मला सांगवलं नाही. मग कोपरा फाडला. या खेपेला हुंदका फुटला नाही. कार्ड मांडीवर ठेवून ती महादेवरावांची वाट पाहत बसली.

ते आले, पण त्यांच्या हातात एक पाकीट होतं, सिंदीचं. किसनचं अक्षर. जयवंतानं ते फोडलं.

'ताई, हे बरे केले नाहीस. आपण आईशी खोटे बोललो ते तिच्या जिवासाठी. पण असली थट्टा कशाला? माझ्या हाती लागायच्या आत आईने कार्ड शेजारच्या पोराकडून वाचून घेतले. ती इतकी खूश आहे की काल खाटेवर उठून बसली. मला काही कळत नाही. कार्ड सोबत पाठवतो. पुन्हा असे करू नको.'

आत ते कार्ड होतं. ठप्पा रोहण्याचा होता. अक्षरं मोठी मोठी, वेडीवाकडी, ओळ सोडून खाली घसरणारी. पहिला न तेवढा पाठ असल्यासारखा, ठळक.

'नामूचा आजीले नमस्कार. मी मजेत आहे. आता अनुसयाआजीपाशी राहतो. तानबाकाका मले अक्षरं शिकवते. त्यानं माह्या नंदीचं चाक बसवून देल्लं. आईले सांगजो रडू नको.'

कडेला कोळशाचा अंगठा उमटला होता. त्याच्या शेजारी आणखी एक, अगदी लहान.

"बाई," महादेवराव म्हणाले, "ते मांडीवरचं कार्ड... द्या ना. मी टाकतो."

जयवंतानं कोपरा फाडलेल्या कार्डाकडे पाहिलं. मग पेटी होती त्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. नंदी काढून बघावा, एवढा धीर तिच्यात नव्हता. तिनं मांडीवरच्या कार्डाचे दोन तुकडे केले, चार केले आणि मुठीत धरले.

"नाई धाडत भाऊ. उद्या येजा."

"उद्या काई येईन असं..."

"येईन," ती म्हणाली. "त्यानं आजीले लेहलं. मले बी लिहीन."

महादेवराव निघाले. कुंपणापाशी त्यांनी वळून पाहिलं. ती पायरीवर बसली होती, एक पाय लांब करून, तळहातानं गुडघा सावकाश चोळत. मास्तर शाळेतून आले, त्यांनी तिचा हात धरून तिला आत नेलं, आणि नेता नेता आपला हात नाकाशी नेऊन हुंगला. घरात तेलाची वाटी कुठेच सापडली नाही.